हॉजपॉज : यमक नंतरचं, मडकं आधीचं

शब्दकंद (धागाकर्ता)

इंग्रजीतले जोडयमकाचे शब्द दिसले की आपण ते 'आपल्या सटरफटर, अघळपघळसारखेच' म्हणून मोकळे होतो. पुष्कळ शब्दांना ते लागूही पडतं. 'हॉजपॉज'ला (म्हणजे सरमिसळीला) मात्र पडत नाही, कारण हा शब्द जन्मला तेव्हा त्यात यमक नव्हतंच. होतं ते भांडं.

मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला 'होचपोट', आजच्या फ्रेंच उच्चारात 'ओशपो'. पहिल्या भागाचा अर्थ हलवणं, हिसळणं. दुसरा भाग म्हणजे सरळसरळ पॉट. भांड्यात चार जिन्नस टाकून हलवून शिजवलेला रस्सा, एवढाच अर्थ. इंग्लंडात हा शब्द नॉर्मन राजवटीच्या फ्रेंचमधून आला. तिथे तो तेराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो तोही स्वयंपाकघरात नव्हे, तर कायद्याच्या भाषेत, मालमत्ता वाटणीसाठी एकत्र करण्याच्या अर्थाने. चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज कवी चॉसर तो लाक्षणिक अर्थाने वापरतो. त्याच्या मेलिबीच्या गद्य कथेत मेलिबीची बायको त्याला सुनावते की सगळ्या सल्लागारांचे शब्द तू एका होचपोटात टाकलेस आणि ज्या बाजूला डोकी जास्त तिकडे झुकलास. म्हणजे 'सरमिसळ' हा अर्थ सहाशे वर्षांपूर्वीच रुळला होता.

यमक आलं ते यानंतर. 'हॉच'चा अर्थ सामान्य इंग्रज माणसाला लागत नव्हता, आणि अर्थ न लागणारा भाग जिभेवर टिकवायचा तर त्याला जोडीदार लागतो. 'हॉचपॉट'चं 'हॉचपॉच' झालं, आणि पंधराव्या शतकापासून 'च'चा 'ज' झालेली रूपंही दिसू लागतात. त्यातूनच आजचं 'हॉजपॉज'. हा 'च'चा 'ज' इंग्रजीत नवलाचा नाही. 'नॉलेज' हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत 'च'कारान्त होता, आणि 'ग्रीनिच'ला 'ग्रिनिज', 'स्पिनच'ला 'स्पिनिज' म्हणणारे इंग्रज आजही आहेत. जोर नसलेल्या शब्दावयवातला 'च' असा मऊ होतो. इथे शेपटाचा 'च' मऊ झाला आणि डोक्याला यमकासाठी त्याच्यामागे जावं लागलं असावं. 'हॉज' हे रॉजर नावाचं लाडकं रूप आणि खेडवळ माणसाचं सर्वसाधारण नाव असल्यामुळे त्यानेही हातभार लावला असावा, असा कोशकारांचा कयास आहे.

आज तिन्ही रूपं जिवंत आहेत. अमेरिकेत हॉजपॉज, ब्रिटनमध्ये आणि आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत हॉचपॉच, आणि कोर्टात हॉचपॉट. कोर्टाने भांडं सोडलं नाही. या तिसऱ्या रूपाबद्दल इथल्या वकील मंडळींनी लिहावं.

कोपरखळी

दोन शंका. हे 'हॉट पॉट'चं बिघडलेलं रूप नाही ना? आणि जुन्या हस्तलिखितांत 'हॉगपॉट' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे डुकराचा काही संबंध?

शब्दकंद

दोन्ही नाही. इंग्लंडातल्या लँकेशरचा 'हॉटपॉट' म्हणजे मटण-कांद्यावर बटाट्याच्या चकत्या रचून भट्टीत भाजलेला पदार्थ. हे नाव पुष्कळ अलीकडचं आहे. 'हॉचपॉट' त्याच्याहून कित्येक शतकं आधीचा, तेव्हा बाप-लेकाचं नातं उलटं लावता येत नाही. 'हॉग'चं उत्तर वांगेभरीत देतील, त्यांचा प्रांत आहे.

वांगेभरीत

देतो. 1390च्या आसपास दुसऱ्या रिचर्ड राजाच्या खानसाम्यांनी जमवलेल्या पाककृतींच्या संग्रहात 'गीस इन हॉगपॉट' आहे. नावात 'हॉग', म्हणजे डुक्कर आहे, पण भांड्यात डुक्कर औषधालाही नाही, गूस (हंसासारखा पाळीव पक्षी) आहे. तेव्हा स्पेलिंग ऐकू येईल तसं लिहीत. त्यावरून जिन्नस ओळखायला गेलात तर फसलात.

कृती थोडक्यात अशी. गूसचे तुकडे भांड्यात घालायचे. निम्मी वाइन, निम्मं पाणी. भरपूर कांदा आणि हिरवा पाला. झाकण घट्ट लावून शिजवायचं. मग पाव आणि रक्त एकत्र करून त्याचं वाटण लावायचं, वरून मिरी-लवंगेच्या घराण्यातली तिखट पूड. मापं दिलेली नाहीत, त्या काळी देतच नसत. फक्त 'निम्मं-निम्मं' तेवढं स्पष्ट लिहिलंय.

यात हटकून बिघडतं ते रक्त. उकळत्या रश्श्यात थेट ओतलं तर त्याच्या गुठळ्या होतात आणि रस्सा चोथापाणी होतो. अंड्याचं होतं तेच, प्रथिनं एकदम आवळतात. म्हणून पाव आधी कोमट रश्श्यात भिजवून कुस्करायचा, त्यात रक्त मिसळायचं, त्या मिश्रणात थोडा थोडा गरम रस्सा घालून ते सैल आणि गरम करायचं, आणि मग भांडं विस्तवावरून उतरवून सगळं एकत्र ढवळायचं. पुन्हा खदखदू द्यायचं नाही. आपण ताकाच्या कढीला फुटू नये म्हणून जे करतो तेच, फक्त बेसनाच्या जागी पाव. मूळ नावातलं 'हलवणं' इथे कामाला येतं. ढवळणं थांबलं की पावाचा लगदा बुडाला लागतो.

लायडनकर

डच भावंड राहिलं की. 'हुत्सपोत'. तोच शब्द, तोच अर्थ, 'हुत्सन' म्हणजे हलवणं. डच लोकांनी यमक केलं नाही, 'पोत' जसंच्या तसं ठेवलं.

नेदरलँड्सच्या लायडन शहरात दर 3 ऑक्टोबरला हे खातात. 1574 मध्ये त्या दिवशी स्पॅनिश वेढा उठला आणि पळालेल्या सैन्याच्या तळावर रश्श्याचं भांडं सापडलं, अशी कथा आहे. सकाळी खारवलेला हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटतात, संध्याकाळी घरोघर हुत्सपोत. आजच्या हुत्सपोतात बटाटा मुख्य असतो, पण 1574 मध्ये तो त्या भांड्यात असणं शक्य नाही. नेदरलँड्सच्या रोजच्या जेवणात बटाटा खूप नंतर आला. त्याच्या जागी पार्सनिप, म्हणजे पांढऱ्या गाजरासारखं गोडसर कंद, धरतात.

चार माणसांसाठी बटाटे पाऊण किलो, गाजर पाऊण किलो, कांदे 300 ग्रॅम. गाजर बटाट्यापेक्षा बारीक चिरायचं आणि तळाशी घालायचं, कारण जून गाजराला शिजायला जास्त वेळ लागतो. एकाच आकाराचे तुकडे केले की बटाट्याचा पार गाळ होतो आणि गाजर दाताखाली कचकचतं. पाणी भाज्यांच्या निम्म्यापर्यंतच. शिजल्यावर ते काढून बाजूला ठेवायचं, कारण घट्ट झालं तर तेच परत घालायचंय. मग लाकडी घोटणीने किंवा पावभाजीच्या मॅशरने कुस्करायचं. मिक्सर अजिबात नको. पात्यांनी बटाट्यातला स्टार्च सुटून खळीसारखा चिकट गोळा होतो आणि मग त्याला काहीही उपाय नाही. सोबत चरबीचं बीफ तासन् तास मंद शिजवून घेतात.

कोपरखळी

म्हणजे पावभाजीची भाजीच, मसाला वजा.

वांगेभरीत

स्कॉटलंडचा 'हॉचपॉच' मात्र वेगळा. तो उन्हाळ्यातला पातळ रस्सा असतो, कोवळ्या मटणाच्या मानेचा, आणि त्यात हंगामातली ताजी भाजी : मटार, गाजर, सलगम, फ्लॉवर, लेट्यूस. निम्मे मटार आधी टाकतात, ते विरघळून दाटपणा येतो, आणि निम्मे शेवटी, म्हणजे दाणा अख्खा राहतो. सगळे एकदम टाकले तर दोन्हीपैकी एकच साधतं. बाकी लेट्यूस शिजवायची कल्पना आपल्याला कशीशीच वाटते, पण पालकाच्या गरगट्यासारखी मानली की सुटतं कोडं.

दिवाणी

शब्दकंद, बोलावलंत म्हणून आलो. थोडं लांबेल.

सर टॉमस लिटलटन, पंधराव्या शतकातला न्यायाधीश, मृत्यू 1481. जमीनधारणेवरच्या त्याच्या ग्रंथात तो म्हणतो की हॉचपॉट म्हणजे इंग्रजीत पुडिंग, कारण पुडिंगात सहसा एकच गोष्ट घालत नाहीत, एकीबरोबर दुसऱ्याही घालतात. इथे केकजवळचं गोड पुडिंग आणू नका. त्या काळचं पुडिंग म्हणजे आतड्यात किंवा कोथळ्यात मांस-धान्य-मसाला ठासून शिजवलेला प्रकार.

त्याचं उदाहरण असं. बापाची 30 एकर जमीन, सारख्या प्रतीची. दोन मुली. एकीच्या लग्नात बापाने 10 एकर तिला आणि नवऱ्याला दिली, 20 एकर राहिली आणि बाप वारला. आता उरलेली 20 एकर दुसऱ्या मुलीची. पहिलीला त्यात वाटा हवा असेल तर तिने आपली 10 एकर हॉचपॉटात घालायची. 20 अधिक 10, झाली 30, प्रत्येकीला 15. पहिलीकडे 10 आहेतच, तिला आणखी 5 मिळणार. घालायची नसेल तर घालू नये, 10 एकर घेऊन बाजूला बसावं. सक्ती नाही, पण मडक्यात घातल्याशिवाय मडक्यातलं मागता येत नाही.

बोलीत हॉजपॉज म्हणजे गोंधळ आणि कायद्यात हॉचपॉट म्हणजे गोंधळ टाळण्याची रीत. एकाच शब्दाची ही दोन टोकं. एकत्र करायचं ते नीट वेगळं करता यावं म्हणून.

इंग्लंडात 1670च्या वाटपाच्या कायद्याने आणि पुढे 1925च्या कायद्याने हे तत्त्व मृत्युपत्राशिवाय वारलेल्यांच्या मुलांना लावलं. आईबापाने हयातीत मुलाला धंद्यात उभं करायला किंवा लग्नात दिलेली भरीव रक्कम हिशेबात धरायची, रोजचा खर्च नव्हे. किंमत धरायची ती मृत्यूच्या दिवसाची. 1 जानेवारी 1996 पासूनच्या मृत्यूंना हा नियम तिथे लागू नाही, कारण 1995 मध्ये तो काढून टाकला. हयातीत दिलेली जुनी बक्षिसं शोधत बसण्यात संपत्तीपेक्षा वकिलांचं बिल वाढतं, हे त्यांना उमगलं म्हणायचं.

हिशेब बघा. मागे उरलेली रक्कम 9,000 पौंड, तीन मुलं. थोरल्याला आधी 3,000 दिलेले, मधल्याला 1,200, धाकट्याला काही नाही. एकूण 13,200, तिघांत प्रत्येकी 4,400. म्हणून आता थोरल्याला 1,400, मधल्याला 3,200, धाकट्याला 4,400. बेरीज 9,000, बरोबर. चुकतात ते असं की आधी 9,000चे तीन भाग करतात आणि त्यातून आधी दिलेलं वजा करतात. थोरल्याला शून्य, मधल्याला 1,800, धाकट्याला 3,000. आणि 4,200 पौंड कुणाचेच राहत नाहीत.

त्रैराशिक

थांबा. ते 4,200 पुन्हा तिघांत वाटा की. प्रत्येकी 1,400. थोरला 1,400, मधला 3,200, धाकटा 4,400. तुमचंच उत्तर आलं. मग चूक कुठे, लांबचा रस्ता तेवढा.

दिवाणी

बरोबर धरलंत, या आकड्यांना तुमचा रस्ता पोचतो. आता थोरल्याला आधी 6,000 मिळाले होते असं धरा. तुमच्या रीतीने त्याचा भाग 3,000, त्यातून 6,000 वजा, म्हणजे उणे. तो उणे आकडा शून्य मानून पुढे गेलात तर मधल्याला 1,800, धाकट्याला 3,000, उरले 4,200, आणि त्यातले 1,400 थोरल्याला पुन्हा मिळतात. आधीच जास्त घेतलेल्याला वर बक्षीस.

योग्य रीत अशी. 9,000 + 6,000 + 1,200 = 16,200, प्रत्येकी 5,400. थोरल्याकडे 6,000 आहेत, म्हणजे वाट्यापेक्षा जास्त. त्याने परत काही द्यायचं नाही, पण त्याला पूर्ण बाहेर काढायचं, त्याच्या 6,000 सकट, आणि नव्याने मांडायचं. 9,000 + 1,200 = 10,200, दोघांत 5,100. मधल्याला 3,900, धाकट्याला 5,100. पहिल्या फेरीतले 5,400 धरून ठेवले तर 4,200 आणि 5,400 मिळून 9,600 होतात, आणि खिशात आहेत 9,000.

त्रैराशिक

पटलं. उणे आकडा शून्य करणं हीच चूक, वजाबाकी नव्हे.

पणजीकर

भारतात हे तत्त्व कुठे जिवंत आहे म्हणाल तर गोव्यात, फक्त नाव दुसरं. 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे 1870 पासून लागू झाली. तिच्यातलं 'कोलासांव', इंग्रजीत 'कोलेशन', म्हणजे हयातीत मुलाला दिलेलं बक्षीस वारसा वाटताना हिशेबात परत आणणं. 2012च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यातही ते आहे. जोडप्याची मालमत्ता सामायिक असेल तर आधी जिवंत जोडीदाराचा अर्धा बाजूला काढतात. मृताच्या अर्ध्यातला अर्धा सक्तीच्या वारसांसाठी, म्हणजे ज्यांना डावलता येत नाही त्यांच्यासाठी, राखीव, उरलेला त्याला हवा तसा देता येतो. दान करणाऱ्याने 'कोलेशनमधून सूट' असं दस्तात लिहिलं असेल तर ते बक्षीस या मोकळ्या भागातून मोजतात. त्या भागाबाहेर गेलं तर कापलं जातं. दस्तात हे वाक्य नसणं, इथेच भावंडांची भांडणं सुरू होतात.

दिवाणी

पणजीकर, म्हणूनच भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925चं कलम 49 गमतीचं वाटतं. त्याच्या मथळ्यातच हॉचपॉट आहे, पण नकारार्थी : मुलांना हयातीत दिलेलं हॉचपॉटात आणायचं नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर हे लागतं. सीमा ओलांडली की उत्तर उलटं. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 मध्ये तर हयातीतल्या बक्षिसांच्या अशा वजावटीची तरतूदच नाही.

मग आपल्या दिवाणी कोर्टात रोज ऐकू येतो तो हॉचपॉट कोणता? दोन आहेत, आणि नवे वकील ते एकमेकांत मिसळतात.

पहिला, वाटपाच्या दाव्यातला. एकत्र कुटुंबाच्या सगळ्या मिळकती दाव्यात आणायच्या. एक गट नंबर, गावातलं घर किंवा शहरातला फ्लॅट सुटला की प्रतिवादी 'अंशतः वाटपाचा दावा चालत नाही' ही हरकत घेतो. अपवाद आहेत, उदाहरणार्थ त्रयस्थाबरोबर सामाईक मिळकत, पण अपवादावर विसंबून दावा लिहू नये. चूक बहुधा मिळकतीच्या वर्णनातच असते. जुना सर्व्हे नंबर लिहिला आणि एकत्रीकरणानंतरचा गट नंबर राहिला. क्षेत्र सातबारावर हेक्टर-आरमध्ये आणि दाव्यात एकर-गुंठ्यात. चतुःसीमा जुन्या खरेदीखतावरून उतरवल्या, आणि पूर्वेचा शेजारी दोनदा बदललेला. सुटलेली मिळकत दुरुस्ती अर्जाने आणता येते, पण ते पुरावा सुरू होण्याआधी करावं. प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात. सारा भरणाऱ्या जमिनीचं सरसनिरस (प्रत पाहून केलेलं) प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 आणि जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली महसूल खातं करतं. घराचं कोर्ट कमिशनर करतो.

दुसरा हॉचपॉट म्हणजे 'मिळकत मिसळणं'. एकत्र कुटुंबातल्या सहदायादाने, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार असलेल्याने, स्वकष्टार्जित मिळकत आपणहून एकत्र कुटुंबाच्या मडक्यात टाकली की ती कुटुंबाची होते. सर्वोच्च न्यायालयाने 1960च्या दशकातच स्पष्ट केलंय की त्यासाठी स्वतंत्र हक्क सोडण्याचा इरादा स्पष्ट दिसला पाहिजे. घरच्यांना त्या घरात राहू दिलं, उत्पन्न घरखर्चाला दिलं, वेगळा हिशेब ठेवला नाही, एवढ्याने मिळकत मिसळत नाही. 1970 मध्ये असंही ठरलं की ही एकतर्फी कृती आहे, दान नव्हे, समोरच्याने स्वीकारायची गरज नाही. कर वाचवण्यासाठी लोक सर्रास हे करू लागले, म्हणून 1961च्या आयकर कायद्यात कलम 64(2) घातलं गेलं : 31 डिसेंबर 1969 नंतर असं टाकलेल्या मिळकतीचं उत्पन्न टाकणाऱ्याच्याच नावावर धरायचं. मिळकत मडक्यात, कर मात्र खिशातून.

ओसरी

भाषेकडे परत येऊ का? शब्दकंद, हॉजपॉज जन्माने यमकी नव्हता हे पटलं. पण झाला तो याच साच्यात का? हॉजपॉज, होकसपोकस, हर्लीबर्ली, हँकीपँकी, हिगल्डीपिगल्डी, हगरमगर. सगळ्यांना पुढे 'ह' आणि मागे ओठांवरचा वर्ण.

शब्दकंद

चांगलं निरीक्षण. 'हेल्टरस्केल्टर', 'हॉइटीटॉइटी' हे अपवाद, पण कल तोच. पुढे हलका वर्ण, किंवा नुसता श्वास, आणि मागे ओठ मिटून फुटणारा प, ब, म. आपल्याकडेही बघा : अघळपघळ, उलटापालट, अदलाबदल, सटरफटर, किडूकमिडूक. पुढे बऱ्याचदा स्वर, मागे प-फ-ब-म. आणि चहाबिहा, घरबिर, पैसाबिसा इथे तर 'बि' हा नियमच आहे. 'हॉचपॉट'मध्ये ह आणि प आधीपासून जागेवर होते. साचा तयार, फक्त शेपूट जुळायचं बाकी होतं. म्हणून हा शब्द इतक्या सहज पडला त्यात. 'पॉटहॉच' असता तर यमक झालं नसतं, असं मी पैजेवर म्हणेन.

अनोळखी शब्दाला यमकात कोंबण्याचं ठळक उदाहरण आपल्याच देशातलं : मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन'चं गोऱ्या शिपायांनी केलेलं 'हॉब्सन-जॉब्सन'. 1886च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशाचं नावच ते.

ओसरी

मग मराठीत काय लिहायचं? मी 'खिचडी' सुचवते.

दिवाणी

बोलीतल्या अर्थाला खिचडी चालेल. दाव्यात नको. खिचडीतले डाळ-तांदूळ परत निवडता येत नाहीत, आणि हॉचपॉटाचं सगळं काम परत निवडण्याचंच.

शब्दकंद

सहमत. शिवाय इंग्रजांनी खिचडीची 'केजरी' करून तिच्यात धुरावलेला मासा आणि उकडलेलं अंडं घातलंच आहे, आता त्यांच्या हॉजपॉजचंही बिऱ्हाड तिच्यात नको. बोलीतल्या हॉजपॉजला 'सरमिसळ', आणि निंदा हवी असेल तर 'सावळागोंधळ'. हिशेबातल्या हॉचपॉटाला?

दिवाणी

'वाटणीची एकत्र रास'. खळ्यावर सगळं धान्य एका राशीत घालून मग मापाने वाटे पाडतात, तीच क्रिया. मिसळण्याच्या अर्थी 'एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सामील करणे' असं पूर्ण लिहावं, आणि त्याच वाक्यात 'स्वतंत्र हक्क सोडून' हे शब्द घालावेत. ते नसतील तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.